मालवणच्या पाहुणचाराची परतफेड

प्रश्न : निवृत्तीनंतर गेल्या डिसेंबरात मी पहिल्यांदाच एकटी मालवणला गेले. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहत उभी असताना मासे विकणाऱ्या एका बाईंनी बांगड्याचा कल्ला उचलून, तो लालभडक असेल तरच मासा ताजा समजावा, हे मला दाखवले. बोलता बोलता त्या मला घरी घेऊन गेल्या, जेवू घातले आणि पुढे जत्रेतल्या दशावतारालाही सोबत नेले. पैसे देऊ केले तेव्हा मात्र त्यांना वाईट वाटले. आता ‘मे महिन्यात आमच्याकडेच राहायला या’ असा त्यांचा आग्रह आहे. मुले म्हणतात, ओळख ना पाळख, कोणी उगाच एवढा जीव लावत नाही. मी जावे का, आणि या पाहुणचाराची परतफेड कशी करावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलांची शंका काळजीपोटी आहे, परंतु किनाऱ्यावरच्या गावाचा व्यवहार त्यांनी पाहिलेला नसावा. तिथले बरेचसे काम चार भिंतींच्या आत होतच नाही. रापण लावतात तेव्हा होडीने जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडून त्याची दोन्ही टोके वाळूवर उभ्या असलेल्या माणसांनी ओढायची असतात, आणि दोराला हात लावणाऱ्या परक्या माणसाच्या पदरातही चार मासे पडतात. जिथे कामच असे उघड्यावर चालते, तिथे एकट्याने उभे राहून कुतूहलाने पाहणाऱ्या बाईची चौकशी होणे साहजिकच आहे. घोळक्याने येणारे पर्यटक आपापसांतच बोलतात, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी गाठतात आणि जेवून तारकर्लीकडे निघून जातात. त्यांना कोण आणि कशासाठी कल्ला उचलून दाखवणार?

तरीही सावधगिरी म्हणून त्यांचा पत्ता आणि फोन नंबर मुलांकडे देऊन ठेवा. नव्या ओळखीतून स्वस्तातल्या जमिनीचा किंवा उसनवारीचा विषय निघाला, तर मात्र मुलांचे ऐका. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

मे महिन्यात त्यांच्या घरी राहायला जाऊ नये, असे मला वाटते. त्या दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात आणि घरे माणसांनी भरून जातात. शिवाय १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असल्यामुळे, त्याआधी चार पैसे गाठीला बांधण्याची सर्वांची धडपड चाललेली असते. अशा वेळी आग्रह मनापासूनचा असला तरी पाहुणा जडच होतो. जायचेच असेल तर एखाद्या निवास-न्याहारीच्या घरी खोली घ्या आणि त्यांच्याकडे एखाद्या दुपारी जेवायला जा. त्यापेक्षा दिवाळीनंतर, दशावताराचा हंगाम सुरू झाल्यावर जाणे अधिक चांगले. संकासुराचे सोंग पाहत, मालवणी खाज्याची पुडी एकमेकींना देत रात्रभर देवळासमोर बसण्यात जी सलगी होते, ती मे महिन्याच्या गर्दीत साधत नाही.

पैशांचे म्हणाल तर त्यांना वाईट वाटले ते योग्यच होते, कारण जेवणानंतर पैसे पुढे केले की पाहुणचाराची खानावळ होते. सोलापूरची शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एखादी चादर घेऊन जा. त्यांच्या पाटीतली मासळी घेताना मात्र पैसे रोख आणि पूर्ण द्या, कारण तो त्यांचा धंदा आहे आणि ओळखीच्या नावाखाली फुकट नेणारे त्यांना पुष्कळ भेटत असतील. थोडी घासाघीस करायला हरकत नाही. अजिबात केली नाही, तर तुम्ही अजून परक्याच आहात असे त्यांना वाटेल.

खरी परतफेड मात्र त्यांना आपल्या घरी बोलावण्यात आहे. मासेमारीच्या बंदीत त्या घराला थोडी सवड मिळते आणि आषाढी एकादशी बहुतेक वर्षी त्याच दोन महिन्यांत येते. पंढरपूर तुमच्याच जिल्ह्यात आहे. ऐन एकादशीच्या गर्दीत नव्हे, तर ती ओसरल्यावर विठ्ठलाच्या दर्शनाला म्हणून त्यांना आताच आमंत्रण द्या, आणि त्यांच्या घरातले कोणी सोबत येणार असेल तर त्यांनाही आवर्जून बोलवा. उतरण्याची व्यवस्था तुमच्याच घरी असेल, हे फोनवर स्पष्ट सांगा. नाहीतर लॉजच्या खर्चाच्या विचाराने त्या ‘बघू’ म्हणतील आणि येणे राहून जाईल.