ऑफिसच्या कामाने गोव्यात गेलो की हॉटेल क्रेडिट कार्डवर रक्कम ब्लॉक करतं आणि चेक-आउटनंतरही लिमिट अडकूनच राहते. वर कंपनीकडून परतावाही उशिरा येतो. काय करावं?

पैसे कुठे गेलेले नाहीत, लिमिट तेवढी अडकली आहे. मी पणजीतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. अशा वेळी लोक बँकेला शिव्या घालतात, पण खरी गोम बहुतेकदा चेक-आउटला मशीनवर कुठलं बटण दाबलं यात असते.

चेक-इनला आम्ही करतो ते प्री-ऑथ, म्हणजे पैसे न कापता कार्डावर तेवढी रक्कम फक्त राखून ठेवणं. समजा रूम ४,००० रुपये, तीन रात्री, वर ५ टक्के जीएसटी: १२,६०० झाले. जेवण, लाँड्रीसाठी रात्रीचे २,००० धरले तर एकूण १८,६०० ब्लॉक. मोबाइलवर मेसेज खर्च झाल्यासारखाच येतो, पण ही रक्कम बिलात लागत नाही, त्यावर व्याजही नाही.

आता निघताना बिल झालं १३,४००. बरोबर पद्धत अशी की काउंटरवरच्या मुलाने त्याच प्री-ऑथवर, जुन्या स्लिपवरचा अप्रूव्हल कोड टाकून, तेवढेच १३,४०० 'कम्प्लीट' करायचे, म्हणजे राखलेल्या रकमेतूनच बिल कापायचं. पण सकाळी मोपा विमानतळावरची फ्लाइट गाठायची म्हणून लॉबीत सगळे एकदम बॅगा घेऊन उभे असतात. जुनी स्लिप शोधत कोण बसणार? तो कार्ड घेतो आणि सरळ नवीन सेल मारतो, म्हणजे प्री-ऑथशी न जोडता वेगळाच व्यवहार करतो. मग ५०,००० लिमिटच्या कार्डावर १८,६०० आणि १३,४०० दोन्ही बसतात, हातात उरतात १८,०००. प्री-ऑथवरच बंद केलं असतं तर ब्लॉक सुटल्यावर ३६,६०० मोकळे राहिले असते.

म्हणून चेक-इनची स्लिप जपून ठेवा, निदान फोटो काढा. ती शाई लवकर उडते. निघताना स्पष्ट सांगा, "प्री-ऑथवरच क्लोज करा, नवीन स्वाइप नको." दुसऱ्या कार्डाने किंवा यूपीआयने बिल भरणार असाल तर जुनं प्री-ऑथ तुमच्यासमोर रिलीज करून त्याची स्लिप मागा.

तुमच्यासारखं आधीच अडकलं असेल तर हॉटेलच्या अकाउंट्सला ईमेल करा: तारीख, रक्कम, अप्रूव्हल कोड, कार्डाचे शेवटचे चार आकडे. रिलीज केल्याचं हॉटेलचं पत्र मिळालं की ते बँकेला पाठवा. हॉटेलच्या लेखी पत्राशिवाय कस्टमर केअर सहसा "थांबा, आपोआप सुटेल" एवढंच म्हणतं. सुटतंही, पण बँकेच्या सवडीने. आणि डेबिट कार्ड तर चेक-इनला देऊच नका, तिथे लिमिट नाही, खात्यातले खरे पैसे अडकतात.

कंपनीला ट्रॅव्हल डेस्क असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे बिल टू कंपनी. तुम्ही पोचण्याआधी कंपनीचं पत्र आलं की रूम-नाश्ता त्यांच्या नावावर, तुमच्याकडून फक्त वरच्या खर्चाचं डिपॉझिट. नोव्हेंबरात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो तेव्हा किंवा डिसेंबरअखेर येणार असाल तर हे करूनच या, कारण भाडं चढलं की ब्लॉकही चढतो.

क्लेम करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) आणि गोव्याचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लागतो. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर तिला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो टॅक्स तिला स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. तेव्हा अकाउंट्सवाल्यांनी "टॅक्स आम्ही वळता करू" म्हणत क्लेम कापला तर ऐकून घेऊ नका, टॅक्ससकट पूर्ण रक्कम मागा. टॅक्सीवाल्यांकडे पावती मिळेलच असं नाही. एअरपोर्टवर प्रीपेड काउंटर किंवा गोवामाइल्स (ॲपवरची टॅक्सी) घेतलं तर कागद हातात राहतो.

परतावा उशिरा येतो म्हणता, तर स्टेटमेंट नुकतंच निघालेलं कार्ड वापरा, भरायला जास्त दिवस मिळतात. तरी परतावा आला नाही तर खिशातून पूर्ण भरा. मिनिमम ड्यू भरून बाकी पुढे ढकललं की व्याज तुमच्या माथी, ते कुठलीही कंपनी देत नाही.

आणि संध्याकाळी बारमध्ये "रूमवर टाका" म्हणू नका. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, त्यामुळे ती बिलात वेगळी उठून दिसते आणि अकाउंट्सची नजर आधी तिथेच जाते. बिअरचे पैसे तिथल्या तिथे यूपीआयने देऊन मोकळे व्हा.