टोकन (मजकुराचे शब्द-चिन्हांचे तुकडे) व्याकरणाशी जुळवणारं व्हीएम, म्हणजे आभासी यंत्र, लिहितोयस? आधी एवढं बघ

लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेचं एलपेग (व्याकरणानुसार मजकूर जुळवणारी लायब्ररी) आधी वाच. रॉबेर्तो येरुसालिम्स्की यांचं आहे. त्याचं यंत्र अक्षरं जुळवतं, तू 'चार' (char, एक अक्षर जुळवणारी सूचना) हिच्या जागी टोकनचा प्रकार तपासणारी सूचना घाल. बाकी सांगाडा तोच चालतो. खरी मेख 'चॉइस' या पर्याय राखून ठेवणाऱ्या सूचनेत आहे. ती स्टॅकवर पुढच्या पर्यायाचा पत्ता, टोकनची जागा आणि तोवरच्या कॅप्चरची (जुळलेल्या भागांच्या नोंदींची) संख्या ठेवते. नवखे तिसरी गोष्ट हमखास विसरतात, मग फसलेल्या प्रयत्नातले नोड पार्स ट्रीत (जुळणीतून बनणाऱ्या झाडात) तसेच लटकलेले दिसतात. दुसरा नियम बोलावणाऱ्या 'कॉल'चा परतीचा पत्ताही त्याच स्टॅकवर जातो, म्हणून 'फेल' आलं, म्हणजे जुळणी फसली, की असे पत्ते फेकत शेवटच्या पर्यायापर्यंत उतरायचं. मागे यावं लागतं, म्हणून टोकन सरळ अ‍ॅरेत ठेव. लेफ्ट रिकर्शन (नियम सुरुवातीलाच स्वतःला बोलावतो ते) असलेलं व्याकरण कंपाइल करतानाच नाकार. नाहीतर एकही टोकन न खाता स्टॅक भरेल. वेगाचं नंतर बघू, आधी प्रत्येक सूचना छापणारा ट्रेस लिही.