मिली स्मॉल या जमैकन गायिकेची कारकीर्द एकाच गाण्यापुरती होती का?

नाही, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जमैकातील क्लॅरेंडनमध्ये जन्मलेल्या मिली यांनी बाराव्या वर्षी गायनस्पर्धा जिंकली आणि पुढे किंग्स्टनमध्ये ओवेन ग्रे व रॉय पँटन यांच्यासोबत द्वंद्वगीते ध्वनिमुद्रित केली. तो आवाज ऐकूनच निर्माते ख्रिस ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये त्यांना लंडनला आणले.

ज्या गाण्याने त्या जगभर पोहोचल्या, ते ‘माय बॉय लॉलिपॉप’ मूळचे १९५६ सालचे, बार्बी गे यांनी गायलेले. मात्र जमैकन गिटारवादक अर्नेस्ट रँग्लिन यांनी ते स्का या जमैकन संगीतप्रकाराच्या ठेक्यात नव्याने बांधले. यात गिटारचा आघात मात्रेवर न पडता दोन मात्रांमधल्या जागेवर पडतो, आणि त्या उसळत्या लयीवर मिली यांचा बारीक, टिपेचा स्वर अगदी सहज नाचतो. १९६४ मध्ये ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर गेले. स्का तोवर जमैकाबाहेर इतका दूरवर कधीच ऐकला गेला नव्हता.

तेवढे यश पुन्हा लाभले नाही, हे खरे. तरीही १९७० मध्ये, स्थलांतरितांना विरोध करणारे राजकारणी इनॉक पॉवेल यांना उत्तर म्हणून त्यांनी ‘इनॉक पॉवर’ गायले; मला हे धैर्य फार मोलाचे वाटते. २०२० मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.