जुन्या स्टीव्हन्स रायफलमध्ये ओतीव गोळ्या विखुरतात, नळीत शिसं साचतं. गोळी आणखी कडक घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका लिलावात तुम्ही .३२-४० या जुन्या काडतुसाची स्टीव्हन्स ४४½ रायफल घेतली. तयार मिळणाऱ्या ०.३२१ इंचाच्या कडक ओतीव गोळ्या वापरता. १०० यार्डांवर दहा गोळ्या पाच इंचांत पसरतात, आणि साफ करताना चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे शिशाच्या पट्ट्या निघतात. क्लबातले लोक म्हणतात, गोळी मऊ पडते, आणखी कडक घ्या.

कडक घेऊ नका. शिसं कुठे साचतंय ते तुम्ही नीट पाहून लिहिलंत, आणि उत्तर त्यातच आहे. शिसं नळीच्या तोंडाकडे साचत असतं तर वंगण कमी पडतंय असं मी म्हटलं असतं. चेंबरच्या पुढे साचतंय, म्हणजे बहुतेक वेळा गोळी तिथल्या मापाला लहान आहे. दारूचा तापलेला वायू गोळीच्या कडेनं पुढे पळतो, जाताना तिच्या अंगाचं शिसं वितळवून नेतो आणि ते नळीला फासतो. अशी कडेनं खरवडलेली गोळी सरळ जाणार कशी?

आता कडकपणाचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या रायफली काळ्या दारूवर आणि शिसं-कथलाच्या मऊ गोळीवर चालत. काळी दारू एकदम धक्का देते. त्या धक्क्यानं मऊ गोळीचं बूड किंचित फुगतं आणि नळीच्या आतल्या पिळदार चरी भरून काढतं. म्हणजे गोळी अर्धा-एक थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लहान असली तरी खपून जायचं. बिनधुराच्या दारूचा दाब सावकाश चढतो, त्यामुळे हा फुगवटा कमी मिळतो. त्यात गोळी कडक असेल तर ती फुगतच नाही. लहान गोळी आणखी कडक केली की गळती पक्की होते.

मी स्वतः यातून गेलो आहे. माझं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या फौंड्रीत गेलं. धातू थिजताना आटतो, साच्याचं माप आणि वस्तूचं माप एक नसतं, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. तरी इथे अमेरिकेत आल्यावर पहिली .३२-४० घेतली तेव्हा कॅटलॉगात ‘.३२-४० साठी’ असं लिहिलेला साचा मागवला आणि मोकळा झालो. गोळ्या लिनोटाइपच्या ओतल्या. जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या जातीचाच हा धातू: ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. कडकपणा ब्रिनेल मापावर २२ च्या आसपास. एक अख्खा उन्हाळा मी दारू बदलली, वंगण बदललं, दुर्बीण बदलली. गोळीचं माप मात्र एकदाही नळीशी ताडून पाहिलं नाही.

शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्या जर्मन वंशाच्या गृहस्थांनी खिशातून मेणबत्ती काढली. गोळी ज्योतीवर धरून तिला काजळी धरवली, हळूच चेंबरातून पुढे ढकलली आणि तोंडाकडून गज घालून परत बाहेर पाडली. गोळीच्या पुढच्या भागावर नळीतल्या, चरींच्या मधल्या उंचवट्यांच्या बारीक रेघा एकाच बाजूला उमटल्या होत्या. बुडाकडची काजळी तर जशीच्या तशी होती. म्हणजे गोळी तिथे कशालाच टेकत नव्हती, वाकडी पडून राहिली होती. हा प्रयोग तुम्ही आज संध्याकाळी करू शकता, पैसे लागत नाहीत. रेघा चहूबाजूंनी सारख्या हव्यात आणि बुडाजवळची पट्टी गोल घासलेली दिसली पाहिजे.

त्यानंतर मोजमाप. शुद्ध मऊ शिशाचा तुकडा घ्या, नळीपेक्षा थोडा जाड. मासेमारीचं वजन असलं तरी चालेल, फक्त ते खरंच शिशाचं आहे ना ते बघा. नळी स्वच्छ करून तेलाचा हात फिरवा. ४४½ ची ठोकळी (नळी मागून बंद करणारा लोखंडी ठोकळा) खाली सरकते, मागून चेंबर मोकळं दिसतं, त्यामुळे पितळी गजानं काम सोपं होतं. लाकडी गज वापरू नका, तो तिरका चिरतो आणि नळीत पाचर बसते. एक तुकडा मागून चरी सुरू होतात तिथे तीन-चार इंच आत ढकला आणि परत मागेच काढा. दुसरा तोंडाकडून दोनेक इंच आत घालून परत काढा. तिसरा मागून तोंडापर्यंत अख्खा ढकलत न्या आणि हाताला काय कळतं त्यावर लक्ष ठेवा. चांगल्या नळीत तो तोंडाकडे जाताना हळूहळू घट्ट होत जातो. मध्येच सैल पडला की तिथे गंजानं खाल्लेलं असतं किंवा नळी फुगलेली असते. तोंडाशी सैल पडणारी नळी मला कधी नीट चाललेली आठवत नाही.

तुकडे मायक्रोमीटरनं मोजा, व्हर्नियरनं नको. इथे अर्ध्या थाऊचा प्रश्न आहे. चरींची संख्या विषम असेल तर समोरासमोर चर येत नाही, मग व्ही आकाराचा मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर ओळखीच्या टूलरूममध्ये जा.

चेंबर आणि त्यापुढचा घसा मोजायला सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही खाली. ओतल्यावर पहिला अर्धा तास तो आटतो, मग फुगू लागतो, आणि साधारण तासाभरानं चेंबरच्या बरोबर मापाला येतो. दुसऱ्या दिवशी मोजलात तर चुकाल. मी घड्याळ लावून बसतो.

माझ्या रायफलचे आकडे देतो, म्हणजे हे कशासाठी करायचं ते दिसेल. तोंडाशी चरींचा व्यास ०.३२१२, मागे ०.३२२०, घसा ०.३२३०, उंचवट्यांमधला व्यास ०.३१३०. माझ्या त्या साच्याची गोळी होती ०.३२०५. घशात अडीच थाऊ मोकळी! आता मी वापरतो ती गोळी निमुळती आहे. पुढच्या पट्ट्या उंचवट्यांवर जेमतेम घासतात आणि तिथे गोळीला मध्यावर धरतात. बुडाची पट्टी ०.३२३०, म्हणजे घसा भरते आणि चरींपेक्षा एक थाऊ मोठी आहे. मिश्रण २५ भाग शिसं, १ भाग कथील. शिसं साचणं पहिल्याच दिवशी थांबलं. तुमच्या नळीचे आकडे वेगळे येतील. या काडतुसाचं नाव एकच असलं तरी जुन्या नळ्या सारख्या नसतात, मी स्वतः ०.३१९ पासून ०.३२३ पर्यंत मोजल्या आहेत. .३८-५५ मध्ये तर फरक याहून जास्त सापडतो.

जुन्या लोकांनी हे किती पुढे नेलं होतं ते वाचताना मला अजून भरून येतं. हॅरी पोप हा त्या काळचा नावाजलेला अमेरिकन कारागीर नळी बनवायचा तेव्हा त्या नळीचाच एक तुकडा खोट्या तोंडासाठी कापून ठेवायचा. पिना घालून तो तोंडावर बसवायचा, गोळी त्यातून आत ढकलायची, की खरं तोंड झिजत नाही आणि गोळीचं बूड दुखत नाही. दारूची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) मात्र मागून भरायची. नळीबरोबर त्या नळीचा साचाही द्यायचा, आणि त्या साच्यात शिसं टोकाकडून ओतायचं, कारण कापल्याची खूण बुडावर नको. नळी आणि गोळी ही त्याच्या लेखी एकच वस्तू होती. १९०१ साली कोलोराडोतल्या बोल्डरच्या सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोपच्या .३२-४० नळीतून टेकूवर २०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या, त्यांचा पसारा ०.७२५ इंच. शिशाच्या गोळीनं.

बुडाबद्दल एवढं का, तर मॅसॅच्युसेट्समधले डॉ. फ्रँकलिन मान यांनी त्याच काळात गोळ्या मुद्दाम बिघडवून पाहिल्या होत्या. टोक ठेचलं तर फारसं बिघडत नाही, बूड थोडं जरी छाटलं तरी गोळी भरकटते. गोळी तोंडातून निघताना बूड शेवटी सुटतं. त्याची एक बाजू आधी उघडली की वायू तिथून सुटतो आणि गोळीला कलवतो. म्हणून ओतलेल्या गोळ्या निवडताना मी तराजूच्या आधी भिंग घेतो. बुडाची कड धारदार, भरलेली हवी. गोल वळलेली कड दिसली की गोळी परत भांड्यात.

स्वतः ओतायला लागलात तर साचा पुरेसा तापू द्या. थंड साच्यात गोळीवर सुरकुत्या पडतात. रस साधारण ३७० ते ४०० अंश सेल्सियस. हाताची लय मोडू नका, कारण साच्याचं तापमान लयीवर टिकतं, आणि तापमान टिकलं तरच माप टिकतं. मिश्रण बदललं की मापही बदलतं: त्याच साच्यातून शुद्ध शिशाची गोळी बारीक येते, अँटिमनीवाली जाड. गोळी अर्धा-एक थाऊ कमी पडत असेल तर साच्याच्या दोन भागांमध्ये पातळ ॲल्युमिनियम पट्टी चिकटवून काही दिवस भागवता येतं. गोळी किंचित लांबट गोल येते, पण नळीत बसते का एवढं त्यातून कळतं आणि चुकीच्या साच्याचा खर्च वाचतो. भांड्याजवळ पाणी येऊ देऊ नका. वितळलेल्या शिशात एक थेंब पडला तरी रस अंगावर उडतो. खोली हवेशीर हवी, काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांत टाकायचे नाहीत.

साचा मागवण्याआधी पीळही, म्हणजे चरी किती इंचांत एक फेरा घेतात तेही, मोजा. घट्ट चिंधी लावलेला गज आत ढकला, एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो त्याची खूण करा. जुन्या .३२-४० ला बहुधा १६ इंचांत एक फेरा असतो. इंग्लंडातल्या वूलिचचे गणिती ग्रीनहिल यांचं १८७९ चं सूत्र वापरलं (१५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले पीळ), तर गोळीची लांबी ०.९६ इंच येते. त्याहून फार लांब गोळी घेतलीत तर कागदावर आडवी भोकं दिसतील.

गोळी कशी बसवायची यावर माझं मत ठाम आहे: या रायफलीत ती केसमध्ये दाबून बसवू नका, आधी नळीत बसवा. शुट्झन नेमबाज हेच करत. जर्मनीतून आलेले हे लोक उभं राहून, टेकू न घेता, २०० यार्डांवर मारायचे. तरफेच्या लहानशा साधनानं गोळी मागून चरींत ढकलायची, मग दारू भरलेली केस तिच्या मागे सरकवायची. गोळीचं बूड आणि केसचं तोंड यांत अर्धा सूत अंतर, आणि ते दर वेळी तेवढंच. गोळी नळीशी सरळ उभी राहते आणि केसच्या मानेचा दोष तिला लागत नाही. एकच केस दिवसभर पुन्हा पुन्हा भरता येते. तरफेला लागणारा जोरही बोलतो: माप जुळलेली गोळी एका हातानं, सारख्या जोरानं जाते. खांद्याचं बळ लागलं तर बुडाची पट्टी मोठी आहे, आपोआप घसरली तर लहान आहे.

एक गोष्ट मात्र आधी करा. तुमची रायफल खरंच ४४½ आहे ना, हे जाणत्या गनस्मिथकडून बघून घ्या. १९०३ ला आलेल्या ४४½ ची ठोकळी सरळ खाली सरकते आणि ती मजबूत आहे. त्याआधीची साधी ४४ बरीच नाजूक, लिलावात दोन्हींची सरमिसळ होते. कुठल्याही जुन्या रायफलीत विंचेस्टर ९४ या रायफलीसाठी म्हणून केलेली जोरकस काडतुसं घालू नका.

तोवर उरलेल्या गोळ्या टाकून देऊ नका. काजळीच्या प्रयोगाला चार ठेवा, बाकीच्या पुढे शुद्ध शिशात मिसळून सरावासाठी पुन्हा ओतता येतील. घसा, मागचा व्यास, तोंडाचा व्यास आणि पीळ असे चार आकडे मिळाले की इथेच लिहा, कुठल्या मापाचा साचा मागवायचा ते मी बघून सांगतो.