बाहेरच्या नव्या प्लास्टरवर रंग कधी आणि कसा लावावा?

प्लास्टर होऊन तीन आठवडे झालेत, आता पुट्टी भरून ऑइल प्रायमर मारू का, असं तुम्ही विचारलंय. अजून थांबा. आणि ऑइल प्रायमर तर नकोच.

ताज्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं, खारं) असतं. हा अल्कली ओलाव्यासोबत पृष्ठभागावर येतो आणि तेलाचा साबण करून टाकतो. मग थर चिकट होतो, फुगतो आणि पोपडे सुटतात. म्हणून पाण्यात मिसळणारा, अल्कली सहन करणारा बाहेरचा अॅक्रिलिक प्रायमरच घ्या.

किमान 28 दिवस जाऊ द्या. दमट हवेत किंवा पावसात त्याहून जास्त लागतात. पण निव्वळ दिवस मोजून भागत नाही. सावलीतल्या, उत्तरेकडच्या भिंती मागे राहतात, तेव्हा तपासणी तिथेच करा. साधारण 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर, म्हणजे निदान 16 तास ठेवा. आतून थेंब जमले किंवा खालचं प्लास्टर गडद पडलं, तर भिंत अजून ओली आहे.

वाळण्याच्या काळात भिंत थापटून पाहा. पोकळ आवाज येईल तिथलं प्लास्टर सुटलेलं असतं. ते काढून नव्याने भरा. ती दुरुस्तीही वाळायला वेळ लागेलच. केसासारख्या भेगा प्रायमरनंतर अॅक्रिलिक फिलरने भरता येतात. मोठी भेग मात्र पात्याने व्ही आकारात उघडून, धूळ झटकून मगच भरा, नाहीतर वरवरचा भराव निघून येतो. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात.

पुट्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बाहेर शक्यतो नकोच. भिंत फारच खडबडीत असेल तर बाहेरच्या वापराची सिमेंटवर आधारलेली पुट्टी पातळ हाताने चालेल. घरातली अॅक्रिलिक पुट्टी पावसात मऊ पडते आणि वरचा रंग घेऊन सुटते.

रंगाआधी पॉलिश पेपर मारून धूळ पूर्ण काढा. भिंत ओली करायची पद्धत सिमेंट पेंटची, कारण तो पाण्यानेच घट्ट होतो. अॅक्रिलिकला कोरडी भिंत लागते. प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. बहुतेक अॅक्रिलिक रंगांना दोन हातांमध्ये 4 ते 6 तास पुरतात. सूर्य ज्या भिंतीवर आहे ती सोडून सावलीतली भिंत धरा, कारण तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच वाळतो आणि जोड दिसतात.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी कठड्याचा माथा व खिडक्यांचे छज्जे पाहून घ्या. कठड्याचा उतार गच्चीकडे हवा, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. तिथून पाणी मुरत राहिलं, तर कितीही महाग रंग मागून सुटणार.