डिटेक्टर दुरुस्त करून पोट भरतं का? धायरीच्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. मुलगा एसवाय बीएससी फिजिक्सला, कॉलेजच्या लॅबमध्ये बंद पडलेला जीएम काउंटर, म्हणजे रेडिएशन मोजणारा डिटेक्टर, त्याने लॅब असिस्टंट काकांसोबत बसून चालू केला आणि तेव्हापासून एकच घोषा लावलाय की मला असलीच उपकरणं दुरुस्त करायचीत, एमपीएससी नको नि बँकेच्या परीक्षा नको. त्याचे बाबा म्हणतात रिपेअरिंगच करायचं होतं तर दहावीनंतर आयटीआयलाच घातला असता, आणि मावशीने रेडिएशनची भीती घातलीय. शिवाय मॅथ्सचा एक पेपर राहिलाय, ते तुम्ही हळूच शेवटच्या ओळीत लिहिलंय, त्यावर मीही शेवटीच बोलतो :)

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की काउंटर सुरू झाला तरी हा पुढचे दोन दिवस व्होल्टेज थोडं थोडं वाढवून आकडे लिहीत बसला नि त्याचा ग्राफ काढला, चालू झालेल्या वस्तूपाशी एवढं काय करत होता कळलं नाही. ताई, मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. जीएम ट्यूबला कमी व्होल्टेज दिलं तर ती काही मोजतच नाही, मग एक पट्टा असा येतो की व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी काउंट फारसा बदलत नाही, त्याला प्लॅटो म्हणतात, आणि त्याच्याही पुढे नेलं तर ट्यूब आपोआप डिस्चार्ज व्हायला लागते आणि खराब होते. म्हणजे टिकटिक ऐकू आली एवढ्यावर मशीन नीट झालं असं म्हणता येत नाही, ते बरोबर मोजतंय का हे दाखवावं लागतं, आणि या लाइनीत निम्मं काम तेच आहे. सोल्डरिंग काय, महिन्याभरात कोणीही शिकतं. तुमचा मुलगा कुणी न सांगता प्लॅटो काढत बसला. बाबांना सांगा, आयटीआय अजिबात कमी दर्जाचं नाही, पण याला ज्याची गोडी आहे ते फिजिक्स आहे, तेव्हा बीएससी अर्धवट सोडू देऊ नका.

बाकी हे काम रोज काही थरारक नसतं हे त्याला आत्ताच कळू दे. बिघाड बहुतेक वेळा केबलमध्ये, कनेक्टरमध्ये, जुन्या कपॅसिटरमध्ये नाहीतर हाय व्होल्टेज सप्लायमध्ये निघतो. मग काही डिटेक्टरमध्ये सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल असतो, रेडिएशन पडलं की तो किंचित चमकतो, त्याचं सील गेलं की तो हवेतली ओल खेचून पिवळा पडतो, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. त्याच्यामागची फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजे ती चमक टिपून तिचा विजेचा सिग्नल करणारी नळी, हाय व्होल्टेज चालू असताना उजेडात उघडली की संपलीच समजा. जर्मेनियमचा डिटेक्टर लिक्विड नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो आणि गरम असताना त्याला व्होल्टेज द्यायचं नसतं, घाई करणाऱ्या माणसाचं ते काम नाही. उटीला ग्रेप्स-३ नावाचा अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचा प्रयोग आहे, त्या किरणांतून तयार होणारे म्युऑन नावाचे कण मोजणाऱ्या त्याच्या टेलिस्कोपमध्ये सहा-सहा मीटर लांबीचे ३७१२ काउंटर आहेत. एवढे काउंटर वर्षानुवर्षं चालू ठेवायचे म्हणजे कोणीतरी सतत तपासत नि दुरुस्त करत असणारच ना.

मावशींची भीती. कॉलेजच्या लॅबमधले किरणोत्सारी सोर्स छोटे आणि सीलबंद असतात, नियम पाळून चिमट्याने हाताळले तर त्यांचा धोका फार कमी. मोठ्या ठिकाणी छातीवर डोस मोजणारा टीएलडी बॅज लावतात आणि वर एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम असतात. मला जास्त काळजी शॉकची वाटते. फोटोमल्टिप्लायरला हजार व्होल्टच्या आसपास, कधी त्याहून जास्त लागतं, आणि मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालायचा नाही आणि एकट्याने उघडायचं नाही, ही शपथ त्याच्याकडून घ्या.

आता नोकरी. 'डिटेक्टर रिपेअर' या नावाची जाहिरात शोधाल तर सापडणार नाही. बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) स्टायपेंडरी ट्रेनी कॅटेगरी-१ बघा, बीएससी किंवा डिप्लोमा आणि ६० टक्के लागतात, स्टायपेंड घेऊन ट्रेनिंग आणि मग सायंटिफिक असिस्टंट. वयाची अट कडक असते, त्यामुळे 'नंतर बघू' इथे चालत नाही, जाहिरात आली की त्यातली तारीख बघायची. पुण्यात आयसर, एनसीआरए, आयुका या संशोधन संस्था आणि विद्यापीठ इथे प्रोजेक्टवर माणसं घेतात, पण ती कॉन्ट्रॅक्टची कामं, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध, हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असू दे. तिसरं म्हणजे हॉस्पिटलं. शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधाचं चित्र काढणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यात क्रिस्टल आणि फोटोमल्टिप्लायर हीच जोडी असते, पेट स्कॅनमध्येही तत्त्व तेच, आणि पैसा तिकडे बरा. मात्र सर्व्हिस इंजिनिअर घेताना कंपन्या इंजिनिअरिंग नाहीतर डिप्लोमा मागतात, नुसत्या बीएससीवर अवघड जातं. म्हणून माझं मत, बीएससीनंतर इलेक्ट्रॉनिक सायन्समध्ये एमएससी करावी, आपल्या विद्यापीठातच डिपार्टमेंट आहे, लांब जायची गरज नाही.

तो सर्न सर्न करतोय, म्हणजे जिनिव्हाजवळची कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा, असंही लिहिलंय. चुकीचं नाहीये, भारत २०१७ पासून तिथला असोसिएट मेंबर आहे आणि आपलं पाषाणचं आयसर तिथल्या सीएमएस प्रयोगात आहे. तिथे कणांना वेग देणारं मशीन अधूनमधून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, २०१८ च्या डिसेंबरपासून २०२२ पर्यंत असंच बंद होतं, तेव्हा नुसत्या थिअरीवाल्यांवर भागत नाही. पण तो रस्ता पाषाणवरून जातो, थेट विमानात बसून नाही.

या वर्षी त्याने काय करावं? तापकीर गल्लीत जाऊन बरा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड घ्यावा, तो काळ्या डब्यात बंद करून त्याचा छोटा रेडिएशन डिटेक्टर बनवता येतो, खर्च फार नाही. ऑसिलोस्कोप घरी घेऊन देऊ नका, कॉलेजचा वापरू दे. केलेली प्रत्येक दुरुस्ती तारखेसह वहीत लिहावी, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, कुठला पार्ट बदलला, इंटरव्ह्यूला ती वही सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलते. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जीएमआरटी बघायला बाबांसकट जा. तो रेडिओ दुर्बिणीचा प्रकल्प आहे, पार्टिकल डिटेक्टर नव्हे, पण ४५ मीटरच्या तीस डिश रोज चालू ठेवणारी माणसं काय शिकलीत, पगार काय, हे बाबांनी स्वतः विचारावं, माझ्या सांगण्यापेक्षा ते त्यांना पटेल.

आणि तो मॅथ्सचा पेपर. साठ टक्क्यांचा सगळा हिशोब त्याच्यावर अडलाय, तेव्हा जीएम काउंटर थोडे दिवस बाजूला ठेवू दे आणि पुढच्याच परीक्षेत तो विषय काढू दे. फॉर्मची लास्ट डेट काय आहे ते उद्याच कॉलेजात विचारायला लावा.