जर्मनीत जन्मलेल्या मुलीची नोंद भारतात आल्यावर केली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघंही भारतीय नागरिक, तीन वर्षांपासून म्युनिकला नोकरीसाठी, मुलगी नऊ महिन्यांची आणि तिचा जर्मन जन्मदाखला हातात आहे. सासरे म्हणतात, आईबाप भारतीय म्हणजे नात भारतीयच, दिवाळीला आलात की महापालिकेत नोंद करून टाकू. तसं चालेल का?

नाही चालणार. आणि तुमच्याकडे तीनच महिने उरलेत, म्हणून वाचून झालं की लगेच कामाला लागा.

सासऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात बऱ्याच घरांपुरतं ते खरंच होतं. नागरिकत्व कायदा १९५५ चा. परदेशात जन्मलेल्या मुलांचा विषय त्याच्या कलम ४ मध्ये येतो. सुरुवातीला वडील भारतीय असले की पुरायचं, पण आई भारतीय असून भागायचं नाही. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या आपल्याकडच्या बाईला बाहेर मूल झालं तर आईच्या नात्याने ते भारतीय ठरत नसे. १० डिसेंबर १९९२ पासून आई किंवा वडील, कुणीही एक भारतीय असलं तरी चालू लागलं. हा बदल व्हायला इतकी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं. मग ३ डिसेंबर २००४ पासून नवी अट आली, आणि तुम्हाला लागू होते ती हीच: परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये झाली पाहिजे. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असंही आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं.

वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. ती मिळते, पण वाट बघावी लागते. माझ्या जावेची मुदत अकरा दिवसांनी हुकली. ती दुसऱ्या देशात राहते, बाळंतपणानंतर दोन महिने अंथरुणाला खिळून होती, आणि नोंदीचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. उशीर का झाला याचा खुलासा, त्यासोबत दवाखान्याचे कागद, मग दिल्लीहून उत्तराची वाट. तोवर मुलाला पासपोर्ट नाही. त्याच काळात आमच्या आजेसासूबाई गेल्या आणि पणतू त्यांना शेवटपर्यंत फोनवरच दिसला. म्हणून हे इतकं कळकळीने सांगतेय.

महापालिकेचं म्हणाल, तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात परदेशात जन्मलेल्या बाळाची भारतात नोंद करायची सोय आहे. पण ती कायमचं परत येणाऱ्या कुटुंबासाठी आहे, आणि बाळ भारतात पोचल्यापासून साठ दिवसांत करायची असते. तुम्ही सुट्टीला येणार. शिवाय तिथे मिळतो तो जन्माचा दाखला, कलम ४ ची एका वर्षाची अट त्याने पुरी होत नाही. आणि मुळात पासपोर्टाशिवाय मुलीला विमानात बसवणार कसं?

जर्मनी नागरिकत्व देईल का, हा विचार मनात आला असेल तर तेही सांगते. इथे जन्मलं म्हणून जर्मन, असं नाही. आईवडिलांपैकी एकाचं पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो (२७ जून २०२४ च्या आधी आठ वर्षं लागायची). तुम्हाला तीनच झालीत. म्हणजे आज तुमच्या लेकीकडे ती कोणत्या देशाची नागरिक आहे हे सांगणारा एकही कागद नाही. तिच्या इथल्या वास्तव्याच्या परवान्याचा अर्जसुद्धा जन्मानंतर सहा महिन्यांत करायचा असतो. राहिला असेल तर आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या कचेरीला, आजच मेल टाका.

आता कामाचं. बायर्न राज्य म्युनिकच्या कॉन्सुलेटकडे येतं, तेव्हा तुम्हाला लांब जायला नको. जन्मनोंदणी आणि पासपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही हातासरशी उरका, पण दोन्हींचे कागद वेगवेगळ्या फायलीत ठेवा. दोघांचे पासपोर्ट, वास्तव्याचे परवाने, लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला लागेल. श्टांडेसआम्टमधून, म्हणजे जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदींच्या जर्मन कचेरीतून, नुसता जर्मन दाखला घेऊ नका, अनेक भाषांतला आंतरराष्ट्रीय दाखला मागून घ्या. त्यावर इंग्रजी असतं, भाषांतराचा खर्च वाचतो.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते नाव. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. जर्मन दाखल्यात मधल्या नावाला जागाच नसते, ते एक तर मुलीचं दुसरं नाव होऊन बसतं, नाही तर गाळलं जातं. माझ्या मुलीच्या दाखल्यात तिचं नाव आणि आडनाव एवढंच होतं आणि मी भारतीय अर्जात सवयीने वडिलांचं नाव मध्ये घातलं. जन्मगाव दाखल्यावर ‘फ्रँकफुर्ट आम माइन’, मी लिहिलं नुसतं ‘फ्रँकफर्ट’. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेका अक्षरावर पेन टेकवत वाचलं आणि अर्ज परत दिला. बरोबर केलं त्यांनी. तेव्हाच निस्तरलं नसतं तर पुढे प्रत्येक कागदावर दोन नावं आली असती. तुमच्या दाखल्यावर जे आहे तेच उतरवा, अगदी ‘म्युंशेन’ (म्युनिकचं जर्मन नाव) असेल तर ‘म्युंशेन’.

पासपोर्टच्या अर्जावर बाळाच्या अंगठ्याचा ठसा लागतो, मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. झोपेत घ्या. जागेपणी आमच्या लेकीने मूठ अशी घट्ट मिटली की शाई तिच्या तळहाताला आणि माझ्या साडीला लागली, कागद कोराच. दुपारी दूध पिऊन झोपल्यावर मूठ आपोआप सुटली आणि पहिल्याच खेपेला अंगठा उमटला. अर्जाच्या दोन-तीन कोऱ्या प्रती जवळ ठेवा. आणि सहीसाठी दोघांनीही जायचंय, तेव्हा यजमानांची रजा अपॉइंटमेंट घेण्याआधीच पक्की करा.